कुलूप कोणासाठी?



गेल्या पावसाळ्यात मी नववीच्या वर्गाला 'माझा छंद' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. बहुतेकांनी क्रिकेटबद्दल लिहिले. खाडीकाठच्या मुलांनी गरी टाकून मासे पकडण्याबद्दल लिहिले आणि ते निबंध खरोखर चांगले होते. एका मुलाने मात्र संगणकावरील खेळांबद्दल लिहिले. त्यात एक वाक्य होते : 'मी गेम विकत घेत नाही, कारण क्रॅक केलेला गेम फुकट मिळतो.' मी त्या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'ही चोरी आहे.'

वह्या परत दिल्यावर तो मुलगा उभा राहिला.

"सर, या वाक्यात व्याकरणाची चूक आहे का?"

"नाही. वाक्य बरोबर आहे, काम चुकीचे आहे."

"मग सर, ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने खेळूच नये का? आणि पैसे देणाऱ्याचा गेम अडकत अडकत चालतो, क्रॅकवाल्याचा मात्र सुरळीत चालतो. मी वाचले आहे. मग शहाणा कोण?"

वर्ग हसला. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. खरे सांगायचे तर त्या दिवशी माझ्याजवळ एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी मराठी शिकवतो. शाळेतील संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, एवढाच माझा आणि संगणकाचा संबंध. पण ते प्रश्न डोक्यातून जाईनात. मी थोडे वाचले, जाणत्या माणसांना विचारले. आता उत्तर देत आहे. ते तुम्हा सर्वांना पटेलच असे नाही.

आधी हे कुलूप म्हणजे काय ते पाहू. आपला जयगडचा किल्ला तुम्ही पाहिला आहे. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या उंचवट्यावर तो उभा आहे. त्याला बुरूज आहेत, खंदक आहे. खंदक, बुरूज, दरवाजा, पहारा हे शब्द तुम्हाला घरच्या उर्दूतूनही ओळखीचे आहेत. संगणकावरील खेळालाही असाच खंदक खणावा लागतो. पुस्तकाची नक्कल करायची तर कागद लागतो, वेळ लागतो आणि नक्कल मूळ पुस्तकाइतकी चांगली होत नाही. खेळाची नक्कल मात्र काही मिनिटांत होते आणि मूळ कोणते, नक्कल कोणती हे ओळखता येत नाही. म्हणून खेळ तयार करणारे त्यातच एक पहारेकरी बसवतात. 'हा खेळ विकत घेतलेला आहे ना?' असे तो विचारतो. यालाच आपण कुलूप म्हणू. हे कुलूप तोडून वाटलेली प्रत म्हणजे तुमच्या भाषेतील 'क्रॅक'.

मला आठवते ते पहिले कुलूप एका कुपीत होते. लहानपणी मी सुट्टीत मुंबईला मामूंकडे जात असे. त्यांच्याकडे कोणाच्या तरी ऑफिसातून काढून टाकलेला जुना संगणक होता. त्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया', म्हणजे इराणचा शहजादा, हा खेळ होता. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली ॲपल टू या संगणकासाठी तयार केला. पुढच्या वर्षी तो इतर संगणकांवर आला. त्यात पहिला टप्पा पार केला, की शहजादा एका खोलीत येई. तिथे बऱ्याच कुप्या मांडलेल्या असत आणि त्यांवर रोमन अक्षरे असत. पडद्यावर सूचना येई : खेळासोबतची पुस्तिका उघडा, अमुक पानावरील अमुक ओळीतील अमुक शब्द पाहा आणि त्याच्या पहिल्या अक्षराची कुपी प्या. बरोबर कुपी प्यायली तरच पुढचे दार उघडे. ज्याने खेळ विकत घेतला, त्याच्याजवळ पुस्तिका असे. ज्याने मित्राच्या फ्लॉपीवरून उतरवून घेतला, तो त्या खोलीतच अडके.

मामूंच्या टेबलाच्या खणात मात्र एक झेरॉक्स कागद होता. त्यावर पान, ओळ आणि अक्षर यांचा सगळा तक्ता होता. म्हणजे तो खेळ मीसुद्धा चोरूनच खेळलो. समासात 'ही चोरी आहे' लिहिणाऱ्या मास्तरांची ही गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी.

त्याच खेळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. ती मला मोठेपणी कळली आणि मला माझ्या त्या झेरॉक्स कागदाची लाज वाटली. शहजादा खऱ्या माणसासारखा पळावा म्हणून मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावले. त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून घेतले. या चित्रांनीच संगणकाची स्मृती भरून गेली. ती स्मृती इतकी थोडी होती, की तुमच्या मोबाइलमधील एक फोटोही तिच्यात मावला नसता. आता खेळात शत्रू कुठून आणायचा? त्याच्या चित्रांना जागाच नव्हती. शेवटी मेक्नरने शहजाद्याचीच चित्रे घेतली आणि त्यांवर तीच चित्रे किंचित सरकवून बसवली. त्यातून एक झगमगणारी आकृती तयार झाली. खेळात शहजादा आरशातून उडी मारतो तेव्हा ही सावली बाहेर पडते आणि पुढे त्याच्या वाटेत येत राहते. नवीन चित्र एकही नाही, पण शत्रू मिळाला!

थोड्या जागेत आणि थोड्या ताकदीत जास्तीत जास्त काम करून घेणे, याला संगणकवाले 'ऑप्टिमायझेशन' म्हणतात. आपल्या घरी महिनाअखेरीला अम्मी हेच करते, फक्त तिच्या कामाला कोणी असे भारदस्त नाव दिलेले नाही. त्या एका खेळावर मेक्नरने काही वर्षे घालवली. मी तो झेरॉक्स कागदावर फुकट मिळवला.

कुलूप लावणाऱ्यांची दुसरी एक गोष्ट आपल्या शेजारच्या देशातील आहे. लाहोरमध्ये बासित फारूक अल्वी आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ संगणकाचे दुकान चालवत. डॉक्टरांच्या उपयोगाचे सॉफ्टवेअर त्यांनी लिहिले होते. लोक त्याच्या फुकट नकला करत. या नकला करणाऱ्यांना अद्दल घडावी म्हणून त्यांनी १९८६ साली एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या भागात, संगणक सर्वांत आधी वाचतो तिथे, जाऊन बसे आणि दुसऱ्या फ्लॉपीवर स्वतःची नक्कल करी. त्यांनी त्यात आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन नंबरही लिहिले होते. औषध हवे असेल तर आमच्याशी संपर्क साधा, असा मजकूर होता. थोड्याच दिवसांत दूरदूरच्या देशांतून फोन येऊ लागले. ज्यांनी त्यांचे सॉफ्टवेअर कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्या फ्लॉपींवरही तो जाऊन पोहोचला होता. आयबीएम जातीच्या संगणकांवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून 'ब्रेन'चे नाव आज घेतले जाते. फिनलंडचे सुरक्षातज्ज्ञ मिको हिप्पोनेन २०११ साली त्या पत्त्यावर गेले, तर ते भाऊ तिथेच भेटले. त्यांचा धंदा तेव्हाही चालू होता.

आपल्या कष्टांचे रक्षण करावे असे त्यांना वाटले, यात मला गैर दिसत नाही. पण चोर कोण आणि साव कोण हे त्या कुलपाला कळत नव्हते. ते सर्वांच्याच हाताला चावले.

असे व्हायरस नकलांच्या फ्लॉप्यांवर बसून आपल्याकडेही आले. पुण्यातही दोन भाऊ होते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुढे शिकले नाहीत. रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणक दुरुस्तीकडे वळले आणि १९९३ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. दुरुस्तीला येणारे कितीतरी संगणक बिघडलेले नसत, त्यांत व्हायरस शिरलेला असे. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. ते असे व्हायरस काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहू लागले. त्यातूनच 'क्विक हील' हे अँटीव्हायरस तयार झाले. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात आली. दहावीनंतर शाळा सुटलेला माणूसही मोठा होतो असे सांगण्यासाठी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातील धाकट्या भावाचे शिक्षण तितकेच महत्त्वाचे वाटते. पण तो विषय वेगळा.

आता आपल्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. पैसे देणाऱ्याचा खेळ अडकतो आणि चोराचा अडकत नाही, हे खरे आहे का?

एका बाबतीत ते अगदी खरे होते. खेळातील हालचाल म्हणजे एकामागून एक दाखवलेली चित्रे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी संगणकाला १७ मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्यात भिंती, माणसे, उजेड, सावल्या सगळे काढून झाले पाहिजे. नेमक्या त्याच वेळी पहारेकरी मध्ये येऊन 'पावती दाखवा' म्हणू लागला, तर चित्र वेळेवर तयार होत नाही आणि डोळ्यांना झटका बसतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज' हा खेळ मे २०२१ मध्ये आला. विकत घेणाऱ्यांना शत्रूवर गोळी झाडताना असे झटके बसत. काही आठवड्यांनी कुलूप तोडलेली प्रत बाहेर आली आणि जाणकारांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून तपासल्या. चोरीची प्रतच जास्त सुरळीत चालत होती! त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीला दुरुस्ती काढावी लागली. नक्कल रोखण्याच्या तंत्रात आपण सुधारणा केली आहे, असे तिने त्या दुरुस्तीबरोबर कळवले.

आणखी एक उदाहरण पाहा. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१० साली असे कुलूप आणले, की खेळ एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेट सतत चालू हवे. त्याच वर्षी मार्चमध्ये कोणीतरी कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला केला. सर्व्हर बंद पडले आणि पैसे मोजलेले लोक आपल्याच खेळाबाहेर ताटकळत उभे राहिले. आपल्या किनाऱ्यावर हे कसे चालायचे? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ जवळून गेले तेव्हा वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. ज्याच्या घरी इन्व्हर्टर होता तोसुद्धा असा खेळ उघडू शकला नसता. असे कुलूप करणाऱ्याने जयगडला कधी पावसाळा काढलेला नसतो.

म्हणून या मुद्द्यावर मी त्या मुलाच्या बाजूने आहे. प्रामाणिक माणसाला दर पावलावर अडवणारा पहारा चुकीचा आहे. माल विकत घेतलेल्या माणसाकडे संशयाने पाहणाऱ्या दुकानात आपण पुन्हा जात नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदासुद्धा रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची, तो हरवण्या-बिघडण्याच्या भीतीने, जपून ठेवण्यापुरती प्रत करू देतो. त्याच कायद्यात २०१२ साली अशीही भर पडली, की दुसऱ्याच्या हक्काचा भंग करण्यासाठी असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

पण एका खेळावरून सर्व खेळांचा निकाल लावता येत नाही. बरेच खेळ मुळातच घाईने लिहिलेले असतात आणि त्यांचे झटके कुलूप काढले तरी जात नाहीत. त्या मुलाने जे वाचले ते खरे होते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे त्याला दिवाळीच्या सुट्टीनंतर कळले.

त्याचा लॅपटॉप त्याच्या थोरल्या भावाने कुवेतहून पाठवला होता. भाऊ तिथे वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो. सुट्टीत मुलाने एक नवा खेळ उतरवला. सोबत सूचना होती : 'खेळ टाकण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर तो खेळाला चुकून व्हायरस समजेल.' त्याने बंद केला. खेळ चालला, अगदी मजेत चालला. दोन-तीन दिवसांनी लॅपटॉप काही न करता गरम होऊ लागला. रात्री पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येई. मग एके दिवशी भावाच्या नावाने नातेवाइकांना निरोप गेले, 'मी अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठवा.' त्या लॅपटॉपवर भावाचे ई-मेल आणि इतर खाती उघडीच होती, पासवर्ड त्यातच साठवलेले होते. त्याच्या चाचीने सात हजार रुपये पाठवले. तिने ते शिवणकामातून बाजूला ठेवले होते. भावाचा फोन लागेपर्यंत पैसे गेले होते.

चाचीने तर कधी खेळ पाहिलाही नव्हता.

हे आपल्या गावापुरते नाही. २०२१ साली अवास्ट या कंपनीच्या तज्ज्ञांनी 'क्रॅकोनॉश' नावाच्या एका घुसखोर प्रोग्रॅमची माहिती जाहीर केली. तो नामांकित खेळांच्या क्रॅक प्रतींत लपवलेला होता. संगणकात शिरल्यावर तो संगणकाला सेफ मोडमध्ये सुरू करायला लावी, कारण त्या स्थितीत पहारेकरी झोपलेला असतो. मग तो अँटीव्हायरस काढून टाकी आणि मालकाच्या नकळत मोनेरो हे आभासी चलन मिळवण्याच्या कामाला संगणक जुंपे. अवास्टच्या हिशेबाप्रमाणे जगातील २,२२,००० हून अधिक संगणक त्याच्या ताब्यात गेले होते आणि त्यांतील १३,००० हून अधिक भारतात होते. या धंद्यातून २० लाख डॉलरपेक्षा जास्त कमाई झाली होती. ज्या संगणकाची सगळी ताकद अशी रात्रंदिवस परक्याच्या कामाला लागली आहे, त्यावर खेळ सुरळीत कसा चालेल? कुलूप काढल्याने वाचलेले मिलिसेकंद इथे वसूल होतात. आणि विजेचे बिल अब्बांच्या नावाने येते.

किल्ल्याचा दरवाजा फोडणारा माणूस आपल्याला 'आत या, फुकट आहे' म्हणतो. तो एवढी खटपट कशासाठी करतो, हे आपण विचारत नाही. प्रत्येक क्रॅकमध्ये विष असतेच असे मी म्हणत नाही. पण कोणत्यात आहे हे ओळखण्याचे जे साधन आपल्याजवळ असते, तेच तो आपल्याला आधी बंद करायला सांगतो.

आता पहिला प्रश्न. तो मला जास्त अवघड वाटतो. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने काय करावे?

'खेळू नये, अभ्यास करावा' असे म्हणणे शिक्षकाला सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. आपल्याकडे नव्या मोठ्या खेळाच्या किमतीत घरचे महिन्याचे धान्य येते. ही गोष्ट खेळ विकणाऱ्यांनीही समजून घेतली पाहिजे, आणि काहींनी ती घेतलीही आहे. पोलंडमध्ये एके काळी सगळीकडे नकलांचाच बाजार होता. तिथल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने १९९९ साली 'बाल्डर्स गेट' हा खेळ पोलिश भाषेत आणला. नटांकडून संवाद बोलवून घेतले, खोक्यात नकाशा वगैरे वस्तू घातल्या आणि किंमत झेपेल अशी ठेवली. नकलेत हे सारे मिळत नव्हते, म्हणून लोकांनी अस्सल खेळ विकत घेतला. पुढे २००८ साली त्यांनी असे दुकान काढले, की जिथे खेळांना कुलूपच नसते. मराठीत किंवा उर्दूत बोलणारा खेळ कोणी असा आणला, तर किती खपेल ते सांगता येत नाही, पण मी तरी घेईन. स्टीम या मोठ्या दुकानाने २०१५ पासून भारतात रुपयांत किंमत लावायला सुरुवात केली. जुने खेळ तिथे सवलतीच्या दिवसांत बरेच स्वस्त मिळतात.

एक जुनी युक्तीही होती. 'डूम' हा खेळ १९९३ साली आला तेव्हा त्याच्या तीन भागांपैकी पहिला भाग फुकट होता. नक्कल करा, मित्रांना वाटा, असे करणाऱ्यांनीच सांगितले होते. आवडला तर पुढचे भाग विकत घ्यायचे. कुलूप लावण्याऐवजी त्यांनी अंगणच उघडे ठेवले, आणि त्यांची भरभराट झाली. आज तर 'सुपरटक्सकार्ट', 'वेसनॉथ' असे संपूर्ण फुकट आणि कायदेशीर खेळ आहेत. ते त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावेत. ते जुन्या संगणकावरही चालतात. त्यांत मोठ्या कंपन्यांचा झगमगाट नाही हे मी कबूल करतो.

तरीही तुम्ही म्हणाल, 'पण सर, मला तोच खेळ हवा आहे.' मग मात्र माझे उत्तर कडू आहे. हवी ती प्रत्येक वस्तू मिळाली नाही तर तो अन्याय नसतो. भूक लागलेल्या माणसाने भाकरी उचलली, तर मी त्याला लाल शाई दाखवणार नाही. खेळ ही भाकरी नाही. आणि तो करणारे सगळेच काही धनाढ्य नसतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ केला. आपल्या हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती गोष्ट आहे. तिच्यात पहाडी चित्रशैलीचे रंग आहेत, छायाबाहुल्या आहेत. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीचे आवाहन केले, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० साली खेळ बाहेर आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या सोहळ्यात पदार्पणातील उत्तम खेळांच्या नामांकनांत त्याचे नाव होते. अशा खेळाची एक नक्कल केली तर कोणाचे बिघडते, हे विचारायचे असेल तर कॅपकॉमला विचारू नका. पुण्याला विचारा.

खात्याच्या सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या तुम्ही बँकेच्या निमित्ताने ऐकल्या असतील. आता विकत घेतलेला खेळ कपाटात नसतो, खात्यात असतो. खाते गेले की सगळे खेळ गेले. २०१५ साली स्टीमने स्वतःच सांगितले होते, की दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती लुबाडली जातात. म्हणून पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा दुसरा आकडाही मागितला जाईल, अशी सोय चालू करा, आणि तो आकडा जिवलग मित्रालाही सांगू नका. आणि मोठ्या दुकानातील माल म्हणून डोळे मिटू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'पायरेटफाय' नावाचा एक फुकट खेळ खुद्द स्टीमवर आला. त्यात माहिती चोरणारा प्रोग्रॅम निघाला आणि तो काढून टाकावा लागला.

त्या मुलाचा लॅपटॉप रत्नागिरीला नेऊन पूर्ण पुसून घ्यावा लागला. भावाचे पासवर्ड बदलले. चाचीचे पैसे तो आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला जाऊन फेडणार आहे. हे त्याने स्वतःच ठरवले. चाची नको म्हणते.

शनिवारी शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे संगणकाच्या खोलीची किल्ली मागतो. आमचे संगणक बरेच जुने आहेत. आम्ही त्यांतील एकावर 'सुपरटक्सकार्ट' टाकला, पण तो सेकंदाला जेमतेम १२ चित्रे दाखवत होता. गाडी वळण्याऐवजी उड्या मारत जाई. मी म्हटले, राहू दे. तो म्हणाला, "थांबा सर." त्याने पडद्यावरील ठिपक्यांची संख्या कमी केली, पाण्यातील प्रतिबिंबे बंद केली, एकेक बदल करून पुन्हा पुन्हा आकडा पाहिला आणि वहीत लिहून ठेवला. शेवटी तो म्हणाला, "सर, सगळी ताकद सावल्या खात होत्या. सावल्या काढल्या." आकडा ३१ झाला होता. पुढच्या शनिवारी तो खिडकीजवळच्या संगणकावर हेच करून पाहणार आहे. त्याआधी त्या संगणकाचा पंखा साफ करायला हवा. आत पालीची अंडी आहेत.